शेततळ्यातील शेवाळाचे नियंत्रण आणि पंपाचा योग्य वापर

पुणे शहराच्या परिसरात अनेक बागायतदारांचे उन्हाळी ओलीत प्लॅस्टिक अस्तरीकरण केलेल्या शेततळ्यावर अवलंबून असते. एप्रिल-मे महिन्यांत, पिकाला पाण्याची सर्वाधिक गरज असतानाच तळ्याचे पाणी हिरवे पडते, गाळण्या तुंबतात आणि ठिबकच्या तोट्या बंद होतात. तोटी बंद झाल्याचे पुष्कळदा झाड सुकू लागल्यावरच लक्षात येते. म्हणून शेवाळाचा बंदोबस्त तळ्यात आणि पंपाजवळच करावा.

शेवाळ का वाढते?

भरपूर सूर्यप्रकाश, उष्ण व स्थिर पाणी आणि पाण्यातील नत्र व स्फुरद ही शेवाळवाढीची कारणे आहेत. पुणे महानगरपालिकेच्या मुंढवा येथील जॅकवेलमधून प्रक्रिया केलेले सांडपाणी बेबी कालव्यात सोडले जाते व ते हवेली, दौंड भागातील शेतीस वापरले जाते. प्रक्रियेनंतरही अशा पाण्यात नत्र व स्फुरद राहू शकतात. ते तळ्यात साठविल्यास शेवाळाला आयते खत मिळते. शेण किंवा खतमिश्रित पाणी वाहून आल्यानेही हेच घडते.

घरच्या पोहण्याच्या तलावातील पाणी पंपाने फिरवून गाळतात व त्यात क्लोरीन राखतात. शेततळ्यात हा उपाय परवडत नाही. ३० × ३० × ३ मीटर आकाराच्या व १:१ उताराच्या तळ्यात सुमारे २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळजवळ २२ लाख लिटर पाणी मावते. तेव्हा तळ्यात शेवाळ कमी ठेवणे आणि उचललेले पाणी नीट गाळणे हाच मार्ग व्यवहार्य ठरतो.

प्रतिबंधक उपाय

१) तळ्याच्या चारही बाजूंनी बांध घालून शेतातील वाहते पाणी आत येऊ देऊ नये.
२) विद्राव्य खतांच्या टाक्या व पोती तळ्याकाठी धुऊ नयेत.
३) धाग्यासारखे शेवाळ दिसताच जाळीने ओढून काढावे व तळ्यापासून दूर टाकावे. काठावर ठेवल्यास ते कुजून त्यातील अन्नद्रव्ये पुन्हा पाण्यात उतरतात.
४) शक्य असल्यास तळ्यावर शेडनेट टाकावे. त्यामुळे प्रकाश कमी होतो व बाष्पीभवनही घटते.

पंप कसा चालवावा?

तरंगते शेवाळ वरच्या थरात, तर गाळ तळाशी असतो. म्हणून सक्शन पाइपचे तोंड तरंगत्या पिंपाला बांधून पृष्ठभागाखाली सुमारे दोन फुटांवर ठेवावे. ते फार वर आल्यास पंप हवा धरतो. तोंडाला जाळी बसवावी व ती वरचेवर साफ करावी.

शेततळ्याच्या पाण्यासाठी आधी वाळूची गाळणी व नंतर जाळीची किंवा चकत्यांची गाळणी असावी. वाळूच्या गाळणीच्या आधी व नंतर दाबमापक लावावा. दोन्ही दाबांतील फरक प्रति चौरस सेंटिमीटर ०.५ किलोपर्यंत जाण्यापूर्वीच उलट्या प्रवाहाने गाळणी धुवावी आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत धुणे चालू ठेवावे. गाळणी तुंबली की वीज जळते, पण पाणी कमी पडते. उन्हाळ्यात उपनळ्यांची टोके दर आठवड्याला उघडून पाणी सोडावे.

नळ्यांत चिकट थर दिसल्यास पाण्यात दहा लाख भागांस १० भाग क्लोरीन सोडावा. ताज्या ब्लिचिंग पावडरमध्ये सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. ताशी १०,००० लिटर पाणी देणाऱ्या संचास अर्ध्या तासासाठी सुमारे १५० ग्रॅम पावडर लागते. ती पाण्यात कालवून वरची निवळीच वापरावी. खत किंवा आम्लाबरोबर ती कधीही मिसळू नये. आम्लाच्या संयोगाने विषारी वायू निघतो.

मोरचुदाचा वापर

वरील उपाय अपुरे पडल्यासच मोरचूद वापरावे. प्रमाण १,००० लिटर पाण्यास ०.५ ते १ ग्रॅम ठेवावे. तळ्यातील प्रत्यक्ष पाणी मोजूनच हिशेब करावा. पूर्ण भरलेल्या वरील तळ्यास १ ग्रॅम प्रमाणाने एकूण २.२ किलो मोरचूद होते; त्यापैकी एका वेळी एक तृतीयांश, म्हणजे सुमारे ७३० ग्रॅम, तळ्याच्या तेवढ्याच भागात टाकावे. पुढचा भाग १० ते १२ दिवसांनी घ्यावा. सर्व शेवाळ एकदम मेल्यास कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो.

मोरचूद प्लॅस्टिकच्या बादलीत विरघळवावे, लोखंडी भांडे घेऊ नये. मासे असलेल्या तळ्यात ते टाकू नये. तांबे गाळात साठत असल्याने वारंवार वापर टाळावा. वापरानंतर दोन-तीन दिवस पंप बंद ठेवावा. तेवढे दिवस पिकाला पाणी न देणे शक्य नसल्यास गाळणी नेहमीपेक्षा लवकर धुवावी.

विशेष काळजी

पाण्यावर निळसर हिरवा, रंगासारखा थर आल्यास ते पाणी जनावरांना पाजू नये. अशा काही शेवाळांत विष असते.

शेवाळाने प्लॅस्टिकचा उतार अतिशय निसरडा होतो व आत पडलेल्या माणसाला, चांगले पोहता येत असले तरी, वर चढता येत नाही. तळ्याला कुंपण व कुलूपबंद फाटक असावे. चारही उतारांवर गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडावेत व हवा भरलेली ट्यूब काठावर ठेवावी. सक्शनची जाळी साफ करण्यास एकट्याने उतरू नये. लहान मुलांना तर तळ्याकडे एकटे पाठवूच नये.