चित्रवहीतील बहावा

शाळेच्या आवारातील बहावा सारेच पाहतात. परंतु त्याचे फूल रेखाटावयास बसल्यावरच पाच पाकळ्या, दहा पुंकेसर आणि त्यांतील तीन लांब, वाकलेले पुंकेसर ध्यानात येतात. म्हणून शिक्षकांनी प्रथम स्वतः पेन्सिल हाती घ्यावी. २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘सीझनवॉच’ या देशव्यापी उपक्रमात शिक्षक, विद्यार्थी व इतर नागरिक एक झाड निवडून दर आठवड्यास पालवी, फुले व फळे यांची नोंद करतात. नोंदीशेजारी दिनांकासह रेखाचित्र असल्यास ती पुढे पडताळून पाहता येते. बहर अलीकडे सरकत आहे काय, हे एका वर्षाच्या नोंदींवरून ठरत नाही. यास्तव शिक्षकाची बदली झाली, तरी वही शाळेतच राहिली पाहिजे.