तेल हातावर घेण्याआधी

पहिल्यांदा हेच सांगते, त्या पोरीच्या पायाला मी हात लावलेला नव्हता. सावद्यात अजून दोन-चार बाया म्हणतात की हिनेच मालीश करून पाय सुजवला. पाय आधीपासूनच सुजलेला होता. कोमट तेल माझ्या तळहातावर होतं, आणि मी पोटरीकडे हात नेणार तेवढ्यात दारातून तिची नणंद ओरडली, "ताई, थांबा!"

माझी आजी जन्मभर बाळंतिणी आणि बाळं चोळत आली. तिला लोक नारळ, लुगडं, पायलीभर ज्वारी द्यायचे. पण दवाखान्यातल्या लोकांसमोर ती कोपऱ्यात उभी राहायची, कारण तिच्याकडे कागद नव्हता. मला तो कागद हवा होता. केळीच्या पिलबागेच्या कटाईचे पैसे आले, त्यातले 42,000 रुपये मी जिल्ह्यातल्याच एका शहरातल्या 'मसाज थेरपी डिप्लोमा'ला भरले. पावती 15,000 ची मिळाली. बाकीचे 'मटेरियलचे' म्हणून रोख घेतले. सहा महिने, आठवड्यातून तीन दिवस, पहाटेची भाकरी बांधून एसटीने जायचं. आम्ही 19 जणी, टेबल एक. शरीररचना म्हणजे भिंतीवरचा एक फाटका तक्ता. तिथे 'स्वीडिश' म्हणून जे हात शिकवले, त्यांची फ्रेंच नावं तिथले सर स्वीडनच्या लिंग यांच्या नावावर खपवायचे. ती डच डॉक्टर मेझगर यांच्याकडे जातात, हे मला नंतर कळलं. नाव चुकलं म्हणून कोणाचा जीव जात नाही, म्हणून ते सोडून देते.

श्रावणातली गोष्ट. सिझर होऊन बाराच दिवस झालेली पोर, डावा पाय भरून आलेला. तिची सासू म्हणाली, "माय, हिचा पाय तेवढा चोळून दे वं, लई ठणकून राहिला." माझ्या वहीत सरांनी सांगितलेलं वाक्य होतं, माझ्याच अक्षरात: सूज असल्यास खालून वर दाबून चोळावे, पाणी उतरते. मी तेच करणार होते. तिची नणंद नर्स आहे, बाळ बघायला त्याच दिवशी आली होती. तिने मला विचारलं, "दोन्ही पोटऱ्या मोजल्या का?"

मला प्रश्नच समजला नाही. मोजायच्या कशाला?

तिने शिलाई मशीनच्या खणातली टेप काढली. गुडघ्याच्या वाटीखाली जे हाडाचं टेंगूळ लागतं, तिथून 10 सेंटिमीटर खाली दोन्ही पाय मोजले. डावा पाय 4 सेंटिमीटरने जास्त भरला. मग तिने माझा हात धरून आधी एका पोटरीवर ठेवला, मग दुसरीवर. डावी गरम होती. तासाभरात पोर भुसावळला. डॉपलर सोनोग्राफीत आतल्या शिरेत रक्ताची गुठळी निघाली. डॉक्टर म्हणाले, बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत हे होऊ शकतं, आणि सिझर झालेलं असेल तर जास्त. अशा वेळी पाय चोळला तर गुठळी सुटून फुप्फुसात जाऊन अडकू शकते. इंजेक्शनं, मग गोळ्या. पोर बरी आहे आज. मी मात्र त्या रात्री वहीचं ते पान उघडून बसले होते. झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन मी सरांकडे गेले. फी भरेपर्यंत मी 'मॅडम' होते, भरल्यावर 'अगं' झाले, आणि त्या दिवशी तर 'ए बाई'. पान पुढे केलं. म्हणाले, "तू चुकीचं लिहून घेतलंस." मी शेजारच्या गावच्या दोघींच्या वह्या आधीच मागवून घेतल्या होत्या. त्यांतही तेच वाक्य, शब्दाला शब्द. त्या समोर ठेवल्या तर म्हणाले, "ते मेडिकल आहे, आपल्या कोर्समध्ये येत नाही. स्वतःची अक्कल वापरायची असते." एवढं बोलून ते फोनवर हसत बोलायला लागले. मी बसलेली होते समोर. गुठळीपेक्षा ते हसणं माझ्या जास्त लक्षात आहे.

मग मी तो कागद नीट वाचला. सोनेरी शिक्का, 'आंतरराष्ट्रीय', 'शासनमान्य'. दवाखान्यात कामाला विचारायला गेले तेव्हा तिथल्या बाईंनी एकच विचारलं, "मान्यता कोणाची?" खाली छापलेला नंबर उद्यमचा होता. उद्यम नोंदणी म्हणजे धंद्याची नोंद. ती कोणीही ऑनलाईन फुकट करतो, उद्या मी पापडासाठी करीन. आयएसओचा शिक्काही अभ्यासक्रमाची मान्यता नसते. म्हणून प्रवेश घेण्याआधी विचारा: परीक्षा कोण घेतं? महाराष्ट्र राज्य कौशल्य मंडळ, की केंद्राच्या एनसीव्हीईटीने मान्यता दिलेली संस्था, जसं सेक्टर स्किल कौन्सिल? जुन्या विद्यार्थिनीचं प्रमाणपत्र मागा आणि त्यावरचा क्यूआर कोड तिथेच मोबाईलवर तपासा. आयटीआयमध्ये स्पा थेरपी नावाचा ट्रेड आहे, पण तो सगळीकडे नाही, चौकशी करावी लागते. पुण्यात ताडीवाला रोडला बापू भवन आहे, जिथे दिनशा मेहतांच्या उपचारगृहात गांधीजी राहिले होते. तिथल्या राष्ट्रीय निसर्गोपचार संस्थेचा उपचार सहाय्यकाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. हे मला 42,000 भरायच्या आधी कोणी सांगितलं असतं तर!

दुसरं, पाटी. सरांच्या सांगण्यावरून मी घरावर 'फिजिओ मसाज' असं रंगवून घेतलं, 1,800 रुपये गेले. गावात येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट डॉक्टरबाईंनी शांतपणे सांगितलं की ती पदवी आहे, चार वर्षांहून जास्त अभ्यासाची, आणि राज्याच्या परिषदेत नोंदणी लागते. मी पाटी त्याच संध्याकाळी चुन्याने पुसली. तुम्ही 'मालीश' लिहा. आपला शब्द आहे, त्यात कमीपणा काही नाही.

पैशांचं म्हणाल तर ते गेलेच. 1915 या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली. वकीलबाई म्हणाल्या, शिकवणाऱ्या संस्थेविरुद्ध ग्राहक आयोगात आधी दावा चालतो की नाही यावरच वाद घालतात, आणि तुमच्याकडे पावती अर्ध्याचीही नाही. तेव्हा पावती पूर्ण रकमेची घ्या, पैसे खात्यातून द्या, जाहिरातीचा फोटो काढून ठेवा. आणि गोड बोलणाऱ्यावर विश्वास टाकू नका, हे तर सगळेच सांगतात, मलाही सांगितलं होतं.

आता मी काय करते ते सांगते. तेलाची वाटी नंतर, आधी विचारणं. ताप आहे का? ऑपरेशन कधी झालं? रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का? साखर असेल तर तळपायाला स्पर्श कळतो का? कळत नसेल तर गरम तेल, गरम शेक अजिबात नाही, माणूस भाजतो आणि त्याला पत्ता लागत नाही. कॅन्सरचे उपचार चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. बाळाच्या नाकात-कानात तेल घालायला सासवा फार आग्रह करतात, मी घालत नाही, भांडण झालं तरी. आणि एकच पाय सुजलेला, गरम, दुखरा असेल तर हात मागे घ्यायचा, टेप काढायची. तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर तासही घालवायचा नाही. फरक कमी निघाला तरी चोळायचं नाही, डॉक्टरांकडेच पाठवायचं. त्यासोबत दम लागत असेल, छातीत दुखत असेल तर गाडी बोलवायची, बाकीचं नंतर.

केळी कटाईच्या बाया संध्याकाळी माझ्याकडे येतात. घड वाहून त्यांचे खांदे दगडासारखे झालेले असतात. त्या पोरीच्या सासूनेही परवा दुसऱ्या सुनेसाठी मला बोलावलं, तेही सगळ्या गल्लीसमोर. तेव्हा ज्या बाया बोलतात त्यांनी तिला विचारावं.

सरांच्या फ्लेक्सवर मात्र अजून माझा फोटो आहे, प्रमाणपत्र हातात घेतलेला, खाली लिहिलेलं 'आमची यशस्वी विद्यार्थिनी'. काढा म्हणून तीनदा सांगून झालं. लेखी अर्जही दिला, पोच घेतली. मागच्या आठवड्यात स्टँडवर उतरले तर फ्लेक्स नवीन छापलेला होता, आधीपेक्षा मोठा.