३.४ बिनतारी संदेशवहनाचे सुलभीकरण आणि सूचनालेखनाची भाषा

मागील घटकात आपण माहितीपत्रकांची भाषा पाहिली. येथे एका तांत्रिक विषयाच्या आधारे सूचनालेखनाचा विचार करू.

नवे उपकरण बाजारात आणण्यापूर्वी रचनाकार त्याचा आद्यनमुना तयार करतो. जमिनीतील ओलावा मोजून तो मोबाइलवर कळविणारे उपकरण घ्या. ओलावा मोजणे तुलनेने सोपे. ती नोंद विनातार पाठविणे हे पूर्वी रेडिओतज्ज्ञाचे काम होते. २०१४ मध्ये चीनच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी८२६६ ही चिप असलेले ‘ईएसपी-०१’ हे छोटे वाय-फाय मॉड्यूल बाजारात आले आणि आद्यनमुना करणाऱ्याचे ते ओझे पुष्कळ उतरले. (मॉड्यूलला ‘घटक’ म्हणण्याचा आग्रह मला पटत नाही, तो शब्द आधीच फार ठिकाणी गुंतला आहे.)

ही सोय बऱ्याच अंशी भाषिक आहे. मॉड्यूलला ‘एटी’ने सुरू होणारी एक ओळ पाठवायची, ‘लक्ष द्या’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाची ती आरंभीची दोन अक्षरे. नेटवर्कचे नाव व पासवर्ड दिला की मॉड्यूल जोडणी करते आणि ‘ओके’ असे उत्तर देते. ही आज्ञापद्धती मुळात टेलिफोन लाइनसाठी होती; १९८१ च्या हेज स्मार्टमोडेमपासून ती रूढ झाली.

आता हे वाक्य पाहा : ‘मॉड्यूल अर्डुइनोला जोडले जाते.’ व्याकरणदृष्ट्या निर्दोष, परंतु सूचना म्हणून घातक. अर्डुइनो उनो ५ व्होल्टवर चालतो, मॉड्यूल ३.३ व्होल्टवर; थेट ५ व्होल्ट दिल्यास ते निकामी होऊ शकते. उनोवर ३.३ व्होल्टचे टोक आहे खरे, पण त्यातून ५० मिलिअँपिअरपर्यंतच प्रवाह घेता येतो. प्रक्षेपणाच्या वेळी मॉड्यूलला सुमारे १७० मिलिअँपिअर लागू शकतात. मग ते मध्येच बंद पडते आणि वाचक दोष आज्ञेत शोधत बसतो.

म्हणून असे लिहावे : ‘मॉड्यूलला ३.३ व्होल्टचा स्वतंत्र पुरवठा द्यावा. दोहोंचे ग्राउंड एकमेकांस जोडावे. उनोकडून येणारा ५ व्होल्टचा संकेत ३.३ व्होल्टवर उतरवूनच मॉड्यूलला द्यावा.’ येथे विध्यर्थ योजला आहे, आज्ञार्थही चालेल. कर्मणी वर्तमानकाळ मात्र काय घडते ते सांगतो, वाचकाने काय करायचे ते सांगत नाही.

सरावासाठी : एका उपकरणाचे पाठविणारे टोक दुसऱ्याच्या स्वीकारणाऱ्या टोकाला जोडायचे असते. ही सूचना मॉड्यूल व उनो यांची नावे घेऊन, विध्यर्थात, दोन वाक्यांत लिहा.