रेल्वे एकच, मग व्यापाऱ्याच्या हाती काय?

बल्लारशाहला तीन रेल्वे येऊन मिळतात. नागपूरकडून मध्य रेल्वे, गोंदियाकडून चांदा फोर्टमार्गे दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वे आणि खालून तेलंगणातली दक्षिण-मध्य रेल्वे. नवख्याला वाटेल, तीन दुकाने समोरासमोर आहेत, भाव करून घ्यावा. पण तिन्हींचा मालक एकच, केंद्र सरकार. भाडे ठरविण्याचा अधिकारही 1989 च्या रेल्वे कायद्याच्या कलम 30 ने सरकारकडेच ठेवला आहे. 2006 पासून खासगी कंपन्यांना कंटेनर गाड्यांची मुभा मिळाली, पण रूळ आणि इंजिन रेल्वेचेच.

स्पर्धा नाही, मग बंधन काय? कलम 70 सांगते की माल वाहताना रेल्वेने कुणा एकाला किंवा एका प्रकारच्या मालाला गैरवाजवी झुकते माप देऊ नये. वाचून समाधान वाटते. पुढचेच कलम 71 मात्र सांगते की सार्वजनिक हितासाठी सरकार एखाद्या मालाला अग्रक्रम देण्याचा हुकूम काढू शकते. आमच्या जिल्ह्यात हे वेगळे समजावून सांगायला नको. घुग्घुस-माजरीचा कोळसा आधी, बाकी नंतर. 2022 च्या एप्रिल-मेमध्ये देशभर कोळशाच्या रेकसाठी प्रवासी गाड्याही रद्द झाल्या. विजेचा प्रश्न खरा होता, हे मान्य.

झुकते माप दिले किंवा भाडे अवाजवी लावले, तर कलम 36 खाली तक्रार करता येते. पूर्वी ती रेल्वे दर न्यायाधिकरणाकडे जाई. 2017 च्या वित्त कायद्याने ते काम रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे गेले. मात्र कलम 37 ने पार्सलचे भाडे या तक्रारीतून वगळले आहे, आणि आमच्या कापडाच्या गाठी, अत्तराच्या पेट्या, चपलांचे खोके जातात ते पार्सलनेच! म्हणजे वॅगन भरणारा मोठा गिऱ्हाईक भाड्यावर भांडू शकतो, लहान व्यापारी नाही. आम्हाला हा फरक न्याय्य वाटत नाही.

स्पर्धा आयोगाचे दार उघडे आहे. रेल्वे हासुद्धा स्पर्धा कायद्याखालचा एक व्यवसायच आहे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने 2012 मध्ये ठरविले. पण चार गाठींसाठी दिल्लीला कोण जाणार?

लहान व्यापाऱ्याच्या उपयोगाचा खरा भाग नुकसानभरपाईचा. रेल्वेच्या ताब्यात दिलेला माल ही अमानत आहे, आणि कायद्याची भाषाही जवळपास तशीच आहे. कलम 93 प्रमाणे माल हरवला, फुटला, भिजला तर जबाबदारी रेल्वेची. दैवी आपत्ती, युद्ध असे अपवाद आहेत. तेथेही आपण योग्य ती काळजी घेतली होती, हे रेल्वेला दाखवावे लागते. स्वस्त म्हणून मालकाच्या जोखमीचा दर निवडला, तर मात्र रेल्वेचा हलगर्जीपणा सिद्ध करणे आपल्या गळ्यात पडते.

भरपाई किती, ते कलम 103 मध्ये पाहावे. बुकिंगच्या वेळी मालाची किंमत जाहीर केली नाही, तर रेल्वेची जबाबदारी किलोमागे ठराविक रकमेपुरती राहते. 1990 च्या नियमांनी ती 50 रुपये ठेवली. 60 किलोच्या गाठीत 40,000 रुपयांच्या साड्या असल्या, तरी हाती येतील जास्तीत जास्त 3,000. किंमत लिहून टक्केवारीचा जादा आकार भरला, की जाहीर रकमेपर्यंत दावा करता येतो. पुष्कळ भाऊ हा आकार वाचवितात. व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकरामध्ये आहे, तो बिल्टीलाही लागू समजावा.

मुदत विसरू नये. माल सोपविल्याच्या तारखेपासून सहा महिन्यांत लेखी नोटीस (कलम 106), आणि त्याच तारखेपासून तीन वर्षांत न्यायाधिकरणाकडे दावा. आपल्याला खंडपीठ नागपूरचे. नोटीस माल घेणाऱ्या रेल्वेला किंवा माल पोहोचायच्या स्टेशनच्या रेल्वेला द्यावी. सुरतेची गाठ चंद्रपूरला यायची असेल, तर मुंबईला पश्चिम किंवा मध्य रेल्वेकडे. वडशाला यायची असेल, तर पश्चिम रेल्वेकडे किंवा बिलासपूरला, कारण वडसा दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वेवर आहे. नोटीस रजिस्ट्रेशनसह स्पीड पोस्टाने पाठवावी आणि पावती बिल्टीच्या नकलेला टाचून ठेवावी.