कोणती ऑपरेटिंग सिस्टीम सुरक्षित? : मालवेअरच्या धोक्याचा तुलनात्मक विचार

आपल्या निवासी शाळेतून बाहेर पडलेली पिढी आज शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेचा व्यवहार आणि नोकरीचा शोध संगणकावर किंवा मोबाईलवर करते. त्यामुळे ‘कोणती ऑपरेटिंग सिस्टीम सुरक्षित?’ हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा राहिलेला नाही. ‘लिनक्सला व्हायरस लागत नाही’, ‘मॅक घेतला की चिंता मिटली’ अशी विधाने सर्रास ऐकू येतात. ती घडलेल्या घटनांच्या कसोटीवर तपासून पाहू.

प्रथम संज्ञा स्पष्ट करू. हानी करण्याच्या हेतूने लिहिलेला कोणताही प्रोग्रॅम म्हणजे मालवेअर. व्हायरस हा त्याचा एक प्रकार असून तो दुसऱ्या फाइलला चिकटून पसरतो. वर्म नेटवर्कमधून आपोआप पसरतो. ट्रोजन उपयुक्त प्रोग्रॅमचे सोंग घेऊन आत शिरतो, तर रॅन्समवेअर फाइली कुलूपबंद करून खंडणी मागते.

सातवाहनकाळी कोकणातील बंदरांचा माल नाणेघाटाने जुन्नरला येत असे. जिथे वर्दळ अधिक, तिथे जकात घेणाराही बसतो आणि वाटमाऱ्याचीही नजर असते. जगातील बहुसंख्य घरगुती व कार्यालयीन संगणक विंडोजवर चालतात, म्हणून मालवेअर लिहिणाऱ्यांचे पहिले लक्ष्य तेच असते. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय या रॅन्समवेअरने सुमारे १५० देशांतील विंडोज संगणक ग्रासले. विशेष म्हणजे ज्या त्रुटीतून ते शिरले, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच उपलब्ध करून दिली होती. ज्यांनी अपडेट घेतले नाही, ते बळी पडले. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्याने मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक बंद पाडले आणि आपल्या न्हावा-शेवा येथील जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले.

मॅकची घडण अधिक बंदिस्त आहे. तरीही २०१२ मध्ये फ्लॅशबॅक या मालवेअरने सुमारे सहा लाख मॅक संगणकांत शिरकाव केला. तेथेही कारण तेच होते : जावातील त्रुटीची दुरुस्ती मॅकपर्यंत उशिरा पोहोचली.

लिनक्समध्ये सामान्य वापरकर्त्याला संपूर्ण यंत्रणेचे अधिकार सहसा नसतात आणि प्रोग्रॅम बहुधा अधिकृत भांडारातून घेतले जातात. त्यामुळे घरगुती वापरात धोका कमी असतो, पण तो शून्य नव्हे. २०१६ मध्ये मिराई या मालवेअरने लिनक्सवर चालणारे असंख्य कॅमेरे व राउटर काबीज केले, कारण त्यांचे कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदललेच नव्हते. दुकानात वा शाळेत सीसीटीव्ही बसवताना हे ध्यानात ठेवावे.

आपल्या जिल्ह्यातील उदाहरण अधिक बोलके आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या एटीएम यंत्रणेत मालवेअर शिरवून, बनावट कार्डांनी देशोदेशी पैसे काढून आणि परदेशी खात्यात रक्कम वळवून ९४ कोटी ४२ लाख रुपये लुटले गेले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकी यंत्रणांनी एटीएममधून पैसे काढणाऱ्या अशाच बँक-दरोड्यांविषयी इशारा दिला. त्यातील मालवेअर आयबीएमच्या एआयएक्स या युनिक्स प्रणालीसाठी लिहिलेले होते. लाभ मोठा असेल तर चोर विरळ प्रणालीसाठीही हत्यार घडवतो.

तथापि, आपल्या कुटुंबांना आज सर्वाधिक धोका आहे तो अँड्रॉइड मोबाईलवर. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका, वाहतूक दंडाची पावती किंवा ‘पीएम किसान’ या नावाने एपीके फाइल येते. ती उघडून परवानगी दिली, की ती एसएमएस वाचते, ओटीपी चोरते आणि खाते रिकामे होते. अनोळखी ठिकाणची अ‍ॅप अँड्रॉइड आरंभी अडवते. अडसर दूर करतो तो आपलाच अंगठा. शिवनेरीला सात दरवाजे आहेत, परंतु आतल्यानेच कडी काढली तर सातही व्यर्थ ठरतात. आयफोनवर बाहेरचे अ‍ॅप बसवणे कठीण आहे. तरी पेगाससने त्याचीही मर्यादा दाखवून दिली.

निष्कर्ष असा : प्रणालीनुसार धोक्याचे प्रमाण बदलते, कारणे मात्र तीच राहतात. ती म्हणजे न घेतलेले अपडेट, न बदललेला पासवर्ड आणि न विचारता दिलेली परवानगी. विंडोज १० चा नियमित मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. जुना संगणक नव्या विंडोजला पेलत नसेल, तर त्यावर लिनक्स बसवणे हा विनाखर्चाचा पर्याय आहे. महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या ड्राइव्हवर ठेवावी. एपीके कोणाकडूनही येवो, ती उघडू नये. फसवणूक झाल्यास लाजून गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका विलंब, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

ज्या घरात एकच मोबाईल आहे, त्याच घरातील मुलीची शिष्यवृत्ती आणि आईची बचतगटातील रक्कम त्या मोबाईलशी जोडलेल्या खात्यात जमा होते. ती रक्कम गेली तर एका मुलीचे शैक्षणिक वर्ष जाते. म्हणून आपल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याने आपल्या वस्तीतील किमान एका घराला एवढी माहिती अवश्य द्यावी.