भुंगेऱ्याच्या पाठीवर कोण बसलंय?

इलेक्ट्रॉनिक्सच्या तासाला 'पॅरासिटिक कपॅसिटन्स' हा शब्द आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. सर्किटमध्ये तो कोणी मुद्दाम बसवत नाही, तरी दोन तारा जवळ आल्या की तो असतोच, आणि फ्रीक्वेन्सी वाढली की त्रास देतो. हा 'पॅरासाइट' मूळचा बायॉलॉजीतला. माझं शाळेतलं सगळं सायन्स इंग्रजीतून झालं, त्यामुळे त्याला मराठीत 'परजीवी' म्हणतात हे मला उशिराच कळलं. दुसऱ्याच्या जिवावर जगतो तो परजीवी. (मेसचं कार्ड न काढता रोज मित्राच्या ताटात जेवणाऱ्यांनी कृपया राग मानू नये!) आज सांगायचं आहे ते घरात पाळलेल्या भुंगेऱ्यांवरच्या परजीवींबद्दल.

भुंगेरे काय पाळतात? हो, जपानमध्ये पाळतात. तिथे 'काबुतोमुशी' नावाचा शिंगवाला भुंगेरा आहे. काबुतो म्हणजे सामुराईचं शिरस्त्राण आणि मुशी म्हणजे किडा. दुसरा 'कुवागाता', म्हणजे चिमट्यासारखे मोठे जबडे असलेला. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं ते प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवतात आणि त्यांना गोड जेली खायला देतात. 'पोकेमॉन'चे जनक सातोशी ताजिरी लहानपणी किडेच गोळा करायचे, आणि २००३ मध्ये सेगा कंपनीने भुंगेऱ्यांच्या लढाईचा 'मुशिकिंग' हा गेम काढला. म्हणजे आवड किती खोल आहे बघा.

आता त्या डब्यात काय असतं? कुजलेला पालापाचोळा, ओल, ऊब आणि सांडलेली जेली. एके दिवशी भुंगेऱ्याच्या पायांच्या सांध्यात, पोटाखाली पांढरे-तपकिरी ठिपके दिसतात. नीट पाहिलं तर ते हलतात. ते असतात माइट, म्हणजे गोचिडीचे चुलत भाऊ. मालक घाबरतो आणि म्हणतो, 'हे रक्त पिताहेत, मारा काहीतरी.' इथेच थांबायला हवं, कारण पाठीवर बसलेला प्रत्येक जण परजीवी नसतो. माझ्या मते त्यांचे चार प्रकार करावेत.

१) प्रवासी. डब्यातलं खाणं संपलं किंवा माती सुकायला लागली की काही माइट एका खास अवस्थेत जातात. तिला ड्युटोनिम्फ म्हणतात. या अवस्थेत त्यांना खाता येईल असं तोंडच नसतं! असतात ते फक्त चिकटायचे चोषक. भुंगेऱ्याला चिकटायचं, नवी जागा आली की उतरायचं. लोकलच्या दाराला लटकून जाणारी माणसं डबा खात नाहीत, तसंच हे. फार गर्दी झाली तर भुंगेऱ्याला हालचाल जड जाते, तेवढंच.

२) भाडेकरू. कुवागाताच्या कडक पंखांखाली वेगळ्याच जातीचे माइट राहतात. ते त्याच्या अंगावरचा स्राव आणि मळ खातात. त्यांच्यामुळे भुंगेऱ्याचं काही बिघडतं असं दिसत नाही.

३) खरा परजीवी. हा शरीरातून अन्न घेतो. काही सूत्रकृमी यात मोडतात. ते आत असतात, म्हणून पटकन दिसत नाहीत.

४) मारेकरी. 'स्कोलिड' जातीची गांधीलमाशी मातीत शिरून भुंगेऱ्याच्या अळीला डंख मारून लुळं करते आणि तिच्यावर अंडं घालते. त्यातून निघालेलं पिल्लू ती अळी खाऊन मोठं होतं. दुसरी मारेकरी म्हणजे मेटारायझियम ही बुरशी. ती अळीच्या कातडीतून आत शिरते. अळी मरून कडक होते आणि तिच्यावर हिरवी पूड चढते.

गंमत अशी की ठळक दिसतात ते पहिले दोन, आणि घातक आहेत ते शेवटचे दोन. घाबरलेला मालक जर डासांचा स्प्रे मारेल तर काय होईल? भुंगेरा स्वतःच कीटक आहे, सहा पायांचा. मोठा माइट आठ पायांचा, कोळ्याच्या कुळातला. कीटकनाशकाने आधी मरेल तो भुंगेरा!

खरा उपाय साधा आहे. जुनी माती बदलायची. उरलेली जेली रोज काढायची. मऊ ब्रशने भुंगेऱ्याचं अंग हलकेच पुसायचं. त्याची श्वासाची छिद्रं शरीराच्या दोन्ही बाजूंना असतात, म्हणून पाण्यात बुडवून ठेवायचं नाही. हिरवी पूड चढलेली अळी दिसली तर मात्र ती मातीसकट लगेच वेगळी करायची.

आता नाण्याची दुसरी बाजू. जपानी मुलगा ज्या बुरशीला घाबरतो ती आपल्या कोकणातल्या बागायतदाराची मैत्रीण आहे. नारळाचा कोवळा कोंब पोखरणारा गेंड्या भुंगा शेणखताच्या खड्ड्यात वाढतो, आणि त्या खड्ड्यात मेटारायझियम मिसळायचा सल्ला कृषितज्ज्ञ देतात. ही कल्पना जुनीच आहे. १८७९ मध्ये रशियात मेचनिकॉफ यांनी गव्हावरच्या भुंगेऱ्यांवर हीच बुरशी अभ्यासली. त्यांना पुढे १९०८ मध्ये नोबेल मिळालं, पण ते दुसऱ्या कामासाठी.

सगळ्यात गंभीर मुद्दा डब्याबाहेरचा आहे. १९९९ मध्ये जपानने परदेशी भुंगेऱ्यांच्या आयातीला वाट मोकळी केली, आणि भुंगेऱ्यांबरोबर त्यांचे माइटही विमानाने आले. त्सुकुबाच्या राष्ट्रीय पर्यावरण अभ्यास संस्थेतले कोइची गोका यांनी यावर बरंच काम केलं आहे. टोमॅटोच्या परागीभवनासाठी युरोपातून आणलेल्या भ्रमरांच्या श्वासनलिकेत त्यांच्या गटाला परजीवी माइट सापडले. जो माइट आपल्या देशातल्या यजमानाशी जुळवून घेतो तो परक्या यजमानाशी तसाच वागेल याची खात्री नसते. म्हणून कंटाळा आला की परदेशी भुंगेरा जंगलात सोडून देणं ही दया नव्हे. त्याच्या पाठीवर कोण बसलंय हे सोडणाऱ्याला ठाऊक नसतं.

आपण डीबगिंग करताना आधी फॉल्ट शोधतो, मग पार्ट बदलतो. इथेही तसंच करावं. पुढच्या पावसाळ्यात हॉस्टेलच्या ट्यूबलाइटवर आपटून एखादा भुंगेरा उताणा पडला, तर 'हिट' शोधू नका. त्याला कागदावर घ्या, सुलटा करा, भिंगातून ठिपके जमल्यास पाहा, आणि खिडकीबाहेर तिथेच सोडा. तो इथलाच आहे, आणि त्याचे प्रवासीही.