कात्रण टाकू नका, पाळणाघराला द्या

पनवेलहून लोकलने मुंबई गाठणारे आईबाप मूल पाळणाघरात ठेवतात. आपल्या कित्येक भगिनी घरीच पाळणाघर चालवतात. त्यांच्यासाठी आम्हा कापडवाल्यांकडे फुकटचे खेळणे आहे: कात्रण.

१९०७ साली रोममध्ये बालगृह काढणाऱ्या डॉ. माँटेसरींच्या पद्धतीत मुले कापडाच्या जोड्या स्पर्शाने जुळवतात. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी काढली, तेव्हा शिंपले, खडे, पाने हीच साधने केली.

मखमल, साटीन, खादी, लोकर यांचे वीतभर चौकोन, प्रत्येकी दोन, कापा. खळ जाईपर्यंत धुवा, कडा दुमडून शिवा. दोन वर्षांच्या मुलाला आधी दोनच द्या: हे मऊ, हे खरखरीत. मग पिशवीत हात घालून जोडी शोधू द्या.

आमची चूकही सांगतो. पहिल्या गाठोड्यात बटणे राहिली. एका बाळाने तोंडात घातले. बाईंनी वेळीच काढले म्हणून निभावले. आता गाठोडे झाडूनच देतो. बटण, मणी, लांब नाडी नकोच.

कात्रणाचे पैसे आम्ही घेत नाही. त्याच बाई ईदचे कापड आमच्याकडून नेतात.